गोळी घेतली की नाही?

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटं संपून कैक वर्षं झाली, आता त्यात औषधं असतात. आईच्या बीपीची, शुगरची, थायरॉईडची गोळी, रबरबँड लावलेल्या पट्ट्या, मेडिकलवाल्याच्या कात्रीत नाव अर्धं गेलेले तुकडे. कॉलेजसाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाचीची फिट्सची गोळीही त्याच डब्यात, अगदी तळाशी, एका कंपासपेटीत. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, भाची एकोणीसची. दोघींच्या फोनवर गोळीचा गजर मीच लावून दिला होता आणि काम झालं असं समजून मोकळी झाले होते.

महिन्याभरात दोन्ही गजर निकामी ठरले. आईचा साडेसहाला वाजायचा. ती तो बंद करायची, चूळ भरायची, दूध तापवायची आणि पावणेसातला मला हाक मारायची, “अगं, मी थायरॉईडची घेतली का गं?” गजर झालेला तिला आठवत होता. त्यानंतर गोळी तोंडात गेली की नाही, एवढंच आठवत नव्हतं. भाचीचं दुखणं वेगळं. तिची रात्री नऊची गोळी. तेव्हा ती अभ्यासिकेत, नाहीतर मैत्रिणींबरोबर. फोन टेबलावर पालथा नसला तर पडद्यावरची ‘औषध’ ही अक्षरं चारचौघींना दिसणार. तिनं गजराचं नाव बदलून ‘झाडांना पाणी’ असं ठेवलं. पुढे आवाजच बंद केला.

औषधाची आठवण करून देणारं साधन म्हाताऱ्यांना आणि तरुणांना सारखंच उपयोगी पडेल असं कसं करायचं, या प्रश्नावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरंच काम झालं आहे. ते चाळताना सारखं जाणवतं, की ‘घे’ असं सांगणारी साधनं पुष्कळ निघाली. ‘घेतलीस का?’ या प्रश्नाला उत्तर देणारी फार थोडी. आणि ते उत्तर कोणाला कळावं, हे ज्याची गोळी त्याला ठरवू देणारी तर त्याहून थोडी.

विसरणं हा म्हातारपणाचा मक्ता आहे, या समजुतीपासूनच सुरुवात करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003च्या अहवालानं सांगितलं, की दीर्घ आजारांत औषधं सांगितल्याप्रमाणे घेण्याचं प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी 50 टक्क्यांच्या आसपासच आहे, गरीब देशांत त्याहून कमी. म्हणजे हा प्रश्न निम्म्या रुग्णांचा आहे. त्याआधी 1999 साली डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांच्या बाटल्यांना बूच कधी उघडलं याची नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक झाकणं बसवली. रुग्ण 34 ते 84 वयाचे. सगळ्यात जास्त चुका आढळल्या त्या मधल्या वयाच्या, कामात बुडालेल्या माणसांच्या. म्हातारी मंडळी त्यांच्यापेक्षा नेमकी निघाली. स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना हे कोडं ओळखीचं आहे. प्रयोगशाळेत ‘अमुक वेळी अमुक कर’ असं सांगितलं तर तरुण पुढे असतात, घरच्या रोजच्या आयुष्यात मात्र पुष्कळदा वृद्ध पुढे. वृद्धांचा दिवस बांधलेला असतो. चहा, आंघोळ, पूजा, जेवण, बातम्या. गोळी त्यातल्या कशाला तरी बांधली की बसते. तरुणांच्या दिवसाला असली खुंटीच नसते.

आइनस्टाइन (हे मानसशास्त्रज्ञ, दुसरे नव्हे) आणि मॅकडॅनियल या जोडीनं 1990च्या दशकात या आठवणीचे दोन प्रकार वेगळे काढले. एक घड्याळावर टांगलेली, एक घटनेवर टांगलेली. वय वाढतं तशी घड्याळावरची आठवण जास्त दगा देते, घटनेवरची पुष्कळ टिकते. आपल्या वैद्यकाला हे नवं वाटू नये. सुश्रुतसंहितेत औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत आणि ते जवळजवळ सगळे जेवणाशी जोडलेले. प्राग्भक्त म्हणजे जेवणाआधी, अधोभक्त म्हणजे जेवणानंतर, मध्येभक्त म्हणजे जेवता जेवता, ग्रास म्हणजे घासातून. आजच्या चिठ्ठीवरचं ‘1-0-1, जेवणानंतर’ याच घराण्यातलं. आणि फोनमधली बहुतेक ॲप मात्र पहिलाच प्रश्न विचारतात, ‘किती वाजता?’

माझ्या मते इथेच अर्धी चूक होते. आमच्याकडे एकादशीला आई जेवत नाही, दुपारी वरी-दाण्याची आमटी घेते. त्या दिवशी ‘जेवणानंतर’ कधी येतं? शुगरची गोळी तर उपाशीपोटी घेतली तर घातही करू शकते. रमजानमध्ये अख्ख्या घराचा दिवसच रात्रीकडे सरकतो, नवरात्रात नऊ दिवस वेगळे जातात. हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं हे खरंच, पण घड्याळावर चालणारं साधन त्याही दिवशी त्याच सुरात ‘घ्या’ म्हणत राहतं. ‘आज उपवास’ असं सांगायची सोय त्यात असायला किती खर्च येईल?

या साऱ्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं साधन कुठल्याही वृद्धासाठी केलेलं नव्हतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचा एक इंजिनिअर होता. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच आल्या होत्या आणि त्या साध्या बाटलीत मिळायच्या. वीस दिवस रोज एक, मग मधे खंड, मग पुन्हा. बायकोनं आजची घेतली की नाही, यावरून नवराबायकोची कुरबुर होऊ लागली. त्यानं आधी कपाटावर एक कागद ठेवला, त्यावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. गोळी दिसली तर घ्यायची आहे, नाही दिसली तर घेतली आहे. कागद एकदा खाली पडला आणि गोळ्या विखुरल्या, म्हणून त्यानं वारांची फिरती तबकडी असलेली डबी बनवली आणि 1962 साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी तशी तबकडी बाजारात आली. ती बायकांच्या पर्समधल्या मेकअपच्या डबीसारखी दिसावी, याचीही काळजी घेतलेली होती. तिच्यात ना घंटा, ना दिवा. ‘घेतली का?’ या प्रश्नाचं उत्तर डबीच देत होती, आणि ते फक्त जिची डबी तिलाच.

आपल्याकडच्या माला-एनच्या पाकिटातही अशीच युक्ती आहे. 28 गोळ्या, त्यांतल्या 21 संप्रेरकाच्या आणि 7 लोहाच्या. ते सात दिवस गर्भनिरोधनासाठी गोळीची गरज नसते. पण ‘सात दिवस थांबा आणि आठव्या दिवशी आठवणीनं सुरू करा’ हे सांगण्यापेक्षा रोज एक हे सोपं, आणि अंगात लोह जातं तो वर फायदा. उलट लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली ‘सहेली’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. रोजची कटकट वाचते, पण आठवड्याची गोळी लक्षात ठेवायला अवघड वाटू शकते. सवय लागतच नाही. संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्झेट चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. त्यामुळे ‘आज घ्यायची नाही’ हे ठळक सांगणं हेसुद्धा आठवणीच्या साधनाचं काम आहे. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी देतात, तिथे हे सगळं ओझं ठरल्या वारानं उचललेलं आहे. पुष्कळ ठिकाणी सोमवार, शाळेतलं जेवण झाल्यावर, बाईंच्या समोर. कुणाला काही आठवावं लागत नाही.

मग साधनांनी खरोखर फरक पडतो का? मोठ्या प्रयोगांचे निकाल एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिमाइंड’ चाचणीत 53,480 लोक होते. काहींना घरपोच वारांच्या खणांची डबी पाठवली, काहींना बाटली शेवटची कधी उघडली हे दाखवणारं झाकण, काहींना रोज सरकवायच्या खुणांची पट्टी. वर्षभरानं पाहिलं तर काहीही न पाठवलेल्या लोकांत आणि यांच्यात फरक नाही. मला यात नवल वाटत नाही. डबी पोस्टानं आली, ती भरायला कोणी शिकवलं नाही, ती रिकामी झाली की नाही हे कोणी विचारलं नाही.

त्याच्या उलट चीनमध्ये क्षयरोग्यांवर झालेली चाचणी, 2015 साली छापून आलेली. 36 भाग, चार हजारांवर रुग्ण. ज्या रुग्ण-महिन्यांत वीस टक्के किंवा जास्त डोस चुकले ते मोजले. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण 29.9 टक्के, नुसते एसएमएस पाठवले तर 27.3, म्हणजे जवळपास तेवढंच. वाजणारी आणि उघडल्याची नोंद ठेवणारी औषधपेटी दिली तर 17, आणि पेटी व एसएमएस दोन्ही असतील तर 13.9. एसएमएस ‘घे’ म्हणत होता. पेटी नोंद ठेवत होती, आणि महिन्याच्या भेटीत डॉक्टर ती नोंद रुग्णासमोर उघडून त्यावर बोलत होता. ज्याचे डोस फार चुकत, त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं जाई.

केनियातली गोष्ट याहून बोलकी. एचआयव्हीच्या 538 रुग्णांच्या एका चाचणीत दवाखान्यातून आठवड्याला एक मेसेज जायचा, ‘मांबो?’ म्हणजे ‘काय, कसं काय?’ उत्तर द्यायचं ‘सावा’, म्हणजे ठीक, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे. अडचण म्हणणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्याला परिचारिका फोन करी. औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण मेसेज न मिळालेल्यांत 50 टक्के होतं, मिळालेल्यांत 62 टक्के. मेसेजमध्ये गोळीचा उल्लेखही नव्हता, म्हणजे कोणी फोन उघडून पाहिला तरी काही कळणार नाही. केनियातल्याच दुसऱ्या चाचणीत आठवड्याच्या मेसेजनं फायदा झाला, रोजच्या मेसेजनं झाला नाही. रोज तेच ऐकून कान बधिर होतात, हे लेकरं वाढवलेल्या कुणालाही सांगायला नको. भारतात मात्र 2014 साली दक्षिणेतल्या 631 एचआयव्ही रुग्णांना आठवड्याला आवाजी फोन आणि चित्रांचे मेसेज गेले, तरी काही फरक दिसला नाही. साधन एका ठिकाणी चाललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी चालेल असं कोणी धरून चालू नये.

वय वेगळं म्हणजे डोळे, कान आणि बोटं वेगळी, हा भाग मी भरभर सांगते कारण त्यात वादाला जागा नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा-हिरवा, पांढरा-फिकट पिवळा यांतला फरक कमी कळतो. ऐकू येणं कमी होतं ते आधी उंच स्वरांचं, आणि स्वस्त गजर नेमके उंच, किरट्या स्वरातच टिकटिकतात. कोरड्या, थरथरत्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. रंगांधळ्या तरुणाला लाल-हिरव्या ठिपक्यांतून काही बोध होत नाही. तेव्हा रंगाबरोबर आकार आणि शब्दही हवा, आवाजाबरोबर थरथर हवी, बटण अंगठ्याएवढं हवं. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी युरोपीय संघानं 2004च्या नियमानं औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव छापायला लावलं.

तरुण आणि वृद्ध एकमेकांच्या वाटेत येतात अशीही एक जागा आहे. कॅनडातल्या विंडसरच्या हेन्री ब्रोल्ट या बालरोगतज्ज्ञानं घरातली औषधं खाऊन विषबाधा झालेली मुलं पाहून 1967 साली ‘दाबा आणि फिरवा’ झाकण करवून घेतलं. मुलं वाचली, पण संधिवातानं आखडलेल्या हातांना ते झाकण उघडेना. मग आजी-आजोबा झाकण उघडंच ठेवू लागले किंवा गोळ्या वाटीत काढून ठेवू लागले, आणि नातवंडं पुन्हा धोक्यात. अमेरिकेनं 1995 साली चाचणीचा नियम बदलला. आता झाकण साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या किमान 80 टक्के मुलांना दहा मिनिटांत उघडता येता कामा नये, आणि 50 ते 70 वयाच्या किमान 90 टक्के माणसांना मात्र उघडता आणि लावता आलं पाहिजे. एकाच झाकणाची दोन वयांच्या माणसांपुढे परीक्षा. आठवणीच्या ॲपसाठी अशी परीक्षा कोणी घेतो का? तरुण अभियंते तरुण मित्रांवर ते चाचपून पाहतात आणि मग ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून अक्षरं मोठी करतात.

दोन वयं एका घरात असतात, एका डब्यातही असतात, हे न्यूयॉर्कमध्ये डिझाइन शिकणाऱ्या डेबोरा ॲडलरनं ओळखलं. तिच्या आजीनं चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या होत्या. दोघांच्या नावांचं आद्याक्षर एकच, बाटल्या सारख्याच. ॲडलरनं पदवीच्या प्रकल्पात नवी बाटली काढली आणि 2005 साली ‘टार्गेट’ या दुकानसाखळीनं ती ‘क्लिअर-आरएक्स’ म्हणून आणली. सपाट दर्शनी भाग, वरच औषधाचं नाव ठळक, आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या रंगाचं गळ्याशी एक रबरी कडं. आजीचं एक, नातवाचं एक. पुढे त्या दुकानांतला औषधविभाग दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि ती बाटली बंद पडली. ग्राहक हळहळले म्हणतात.

आपल्याकडे औषधं बाटलीत मिळत नाहीत, पट्टीत मिळतात, आणि पट्टी बदलते. या महिन्यात एका कंपनीची, पुढच्या महिन्यात जनऔषधी केंद्रातली, त्यापुढे मेडिकलमध्ये ‘हेच आहे काकू, फक्त नाव वेगळं’ म्हणून तिसरीच. औषध तेच, गोळी कालपर्यंत गुलाबी गोल, आज पांढरी लांबट. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या 2014च्या एका अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर ती बंद पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं, आकार बदलल्यावर दोन तृतीयांशानं वाढलेली दिसली. आई गोळीला नावानं ओळखत नाही. ‘ती गुलाबी’ म्हणते. एखादं ॲप तिला नाव वाचून दाखवत असेल तर ते तिच्या भाषेत बोलत नाही. पट्टीचा फोटो काढून ठेवता आला, आणि नवी पट्टी आली की ‘हीच ती, फक्त रूप बदललं’ असं जुन्या-नव्या फोटोंसह सांगता आलं, तर तिचं अर्धं काम होईल.

भाषेची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक तक्रार. मराठीत आलेली आठवणीची वाक्यं ‘तुमच्या औषधाची मात्रा प्रलंबित आहे’ अशी असतात. ‘प्रलंबित’ हा शब्द आईनं कोर्टाच्या नोटिशीत वाचलेला. घरात कोणी असं म्हणत नाही. घरात म्हणतात, ‘आई, गोळी राहिलीय.’ भाचीला तेच ‘ए, गोळी?’ एवढं पुरतं.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग, कोणाला कळावं? बंगळूरमध्ये उभ्या राहिलेल्या ‘99डॉट्स’ या पद्धतीत क्षयाच्या गोळ्यांच्या पट्टीभोवती एक पाकीट असतं. गोळी बाहेर ढकलली की आतला फोन नंबर दिसतो, त्या नंबरवर फुकट मिस्ड कॉल द्यायचा, की गोळी घेतल्याची नोंद झाली. साधा फोन चालतो, वाचता येण्याची फारशी गरज नाही. युक्ती म्हणून मी तिला पूर्ण गुण देते. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईच्या रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवी तपासली, तेव्हा फोनची नोंद आणि शरीरातली नोंद पुरेशी जुळली नाही. गोळी घेतली पण फोन केला नाही, फोन घरच्या दुसऱ्याकडे होता, रोज फोन करून कंटाळा आला, किंवा कोणी रुग्णाच्या वतीनं नोंद केली. चेन्नईच्या क्षयरोग केंद्रानं 1956 साली सुरू केलेल्या चाचणीत सिद्ध केलं होतं की रुग्णालयात न ठेवता घरी औषधं देऊनही क्षय बरा होतो, पण तेव्हाही लघवी तपासावी आणि गोळ्या मोजाव्या लागत होत्या. सत्तर वर्षांपूर्वीची शंका अजून जिवंत आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेनं 2017 साली मंजूर केलेली ‘ॲबिलिफाय मायसाइट’. गोळीतच वाळूच्या कणाएवढा संवेदक. पोटात गेल्यावर तो अंगावर चिकटवलेल्या पट्टीला खूण पाठवतो, पट्टी फोनला, फोनवरून रुग्णाच्या परवानगीनं डॉक्टर आणि घरच्यांना. हे औषध ज्या आजारांवर दिलं जातं त्यांत स्किझोफ्रेनियाही आहे, ज्यात कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतं आहे ही भीती पुष्कळ रुग्णांना छळते. संवेदक बनवणाऱ्या कंपनीनं 2020 साली दिवाळखोरी जाहीर केली.

आईला तिची गोळी राहिली हे मला कळलेलं चालतं, किंबहुना हवं असतं. भाचीला चालत नाही, आणि तिला ते चालावं असं मी म्हणणंही चूक आहे. एकाच साधनात या दोघींची सोय व्हायची तर मूळ प्रश्न सुरुवातीलाच जिची गोळी तिला स्वतःला विचारावा लागेल, मला नव्हे. राहिली तर कोणाला सांगू? कोणालाच नको? किती वेळानं? आणि हे उत्तर तिला उद्या बदलता आलं पाहिजे.

सध्या आमच्या घरी दोन्ही गजर बंद आहेत. फ्रिजच्या बाजूला ‘कालनिर्णय’ टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत आधीपासून दुधाचे लिटर आणि पेपरवाल्याचे खाडे लिहिले जातात. आईनं आपणहून तिथे थायरॉईडची खूण सुरू केली. गोळी घेतली की पेन्सिलीनं एक उभी रेघ. आता पावणेसातला ती मला हाक मारत नाही, चष्मा लावून चौकोन बघते. मागच्या महिन्यात पान उलटताना माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा एक बारीक ठिपका आहे. पाहुण्यांना छपाईचा डाग वाटावा एवढा. बावीस तारखेला ठिपका नव्हता. मी काही विचारलं नाही. तेवीसला होता.